कुमारांसाठी कल्पनाकथा आणि त्यामागचा हिशोब

या सदराकडे अलीकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. साधारण बारा ते अठरा वर्षे वयाच्या वाचकांसाठी विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा किंवा पर्यायी इतिहासाच्या कथा, म्हणजे ज्यांना एकत्रितपणे स्पेक्युलेटिव्ह फिक्शन म्हणतात अशी पुस्तके, काढणारी छोटी आणि स्वतंत्र प्रकाशनसंस्था चालवावी कशी, हा तो विषय. त्यातील सात पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी आखडती केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. हिशोबाच्या उदाहरणांत पुस्तकाची छापील किंमत सर्वत्र १०० धरली आहे; चलन ज्याने त्याने आपापले घालून घ्यावे.

आम्ही तिघे मित्र नोकऱ्या सांभाळून प्रकाशन सुरू करीत आहोत. पहिल्या वर्षी सहा कादंबऱ्या काढण्याचा बेत आहे. प्रत्येकी दोन हजार प्रती छापल्यास दर बराच खाली येईल, असे मुद्रकाचे म्हणणे आहे. त्याचे ऐकावे काय?

मुद्रक खोटे बोलत नाही, पण तो त्याच्या बाजूचा हिशोब सांगत आहे. ऑफसेट छपाईत प्लेट तयार करणे, यंत्र जुळवून घेणे आणि सुरुवातीचा कागद वाया जाणे हा खर्च एकदाच होतो आणि तो जितक्या जास्त प्रतींवर वाटला जाईल तितका प्रतीमागचा दर उतरतो. मात्र उतरलेला दर हा नफा नव्हे. समजा, १,००० प्रती छापल्या आणि प्रतीमागे २० खर्च आला. वितरक आणि विक्रेता मिळून ५० टक्के सवलत घेतात, लेखकाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) छापील किमतीवर १० टक्के आहे आणि वाहतूक व तूटफूट यांचे प्रतीमागे ५ जातात. दुकानांतून ६०० प्रती खपल्या तर हाती ३०,००० येतात. त्यातून स्वामित्वधनाचे ६,०००, वाहतुकीचे ३,००० आणि छपाईचे पूर्ण २०,००० वजा जाता १,००० उरतात, कारण न खपलेल्या ४०० प्रतींची छपाईही तुमच्याच खिशातून झालेली असते. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि मांडणी यांचा एकरकमी खर्च १२,००० धरला, तर पुस्तक ११,००० तोट्यात आहे. आता उरलेल्या ४०० प्रती तुम्ही स्वतः १० टक्के सवलतीने वाचकांना थेट विकल्यात असे समजा. त्यांचे ३६,००० येतील, स्वामित्वधन आणि टपाल यांचे प्रत्येकी ४,००० जाऊन २८,००० राहतील, आणि तेच पुस्तक १७,००० नफ्यात जाईल.

याच पुस्तकाच्या २,००० प्रती छापल्या आणि दर २० वरून १६ वर आला, तर छपाईचे बिल ३२,००० होते. खप मात्र तेवढाच, म्हणजे १,००० प्रतींचा राहिला, तर नफा १७,००० वरून ५,००० वर घसरतो आणि घरात १,००० प्रतींचे गठ्ठे उरतात. दर २० टक्क्यांनी कमी झाला आणि नफ्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग गेला. हे मी कागदावरच्या हुशारीने सांगत नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाचे गठ्ठे कित्येक पावसाळे पलंगाखाली होते, आणि शेवटच्या गठ्ठ्याला वाळवी लागली तेव्हा मला दुःखापेक्षा सुटकाच अधिक वाटली.

म्हणून सुरुवातीला थोड्या प्रती डिजिटल यंत्रावर किंवा मागणीप्रमाणे छापून घ्याव्यात. तेथे प्रतीमागचा दर चढा असतो, पण पन्नास प्रती छापल्या काय किंवा पाचशे काय, तो फारसा बदलत नाही, आणि पैसा गठ्ठ्यांत अडकत नाही. ऑफसेट कोणत्या संख्येपासून स्वस्त पडेल, हे पृष्ठसंख्या, आकार आणि कागद यांवर ठरते. तेव्हा २००, ५०० आणि १,००० अशा तीन संख्यांसाठी दोन्ही पद्धतींचे दर लेखी मागवा आणि मगच ठरवा. छोट्या आवृत्तीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. मेरी शेली यांची फ्रँकेन्स्टाइन ही कादंबरी १८१८ मध्ये प्रथम निघाली, तेव्हा तिच्या केवळ ५०० प्रती छापल्या होत्या.

आणखी एक गोष्ट नवख्या प्रकाशकाच्या ध्यानात उशिरा येते. दुकानात गेलेली प्रत ही खपलेली प्रत नव्हे. जेथे परतीच्या अटीवर माल दिला जातो, तेथे विक्रेता न खपलेल्या प्रती काही महिन्यांनी परत पाठवतो, आणि त्या परत येईपर्यंत तुम्ही त्यांना उत्पन्न मानून पुढच्या पुस्तकाच्या छपाईची आगाऊ रक्कम दिलेली असते. वहीत ‘पाठवलेल्या’, ‘खपलेल्या’ आणि ‘पैसे आलेल्या’ प्रतींसाठी तीन वेगळे रकाने आखा. पहिला रकाना पाहून मन सुखावते. निर्णय घ्यायचे ते तिसरा पाहून.

सहा पुस्तकांचा बेत सोडून द्या. नोकरी सांभाळून तीन माणसांना वर्षात दोन कादंबऱ्यांचे नीट संपादन झेपते, आणि तेही त्यांपैकी एकीचे हस्तलिखित मुळात बऱ्या स्थितीत असेल तर.

मी एका छोट्या प्रकाशनात संपादक म्हणून नव्यानेच रुजू झाले आहे. आजवर सामाजिक कादंबऱ्यांचे संपादन केले. कुमारांच्या कल्पनाकथेचे संपादन वेगळ्या रीतीने करावे लागते का?

हो, आणि छोट्या प्रकाशकाजवळ मोठ्यांहून सरस ठरण्याची जी एकमेव जागा आहे ती हीच असल्यामुळे या प्रश्नाला जरा विस्ताराने उत्तर देतो. सामाजिक कादंबरीत जगाचे नियम वाचकाला आधीच ठाऊक असतात. पात्र पावसात भिजले तर ते ओले होईल, हे लेखकाला सिद्ध करावे लागत नाही. कल्पनाकथेत ते नियम लेखक स्वतः घालतो आणि पुष्कळदा स्वतःच विसरतो. समजा, एका कथेत माणसे आपली सावली गहाण ठेवू शकतात आणि सावली गेलेल्या माणसाचे प्रतिबिंब आरशात पडत नाही, असे तिसऱ्या प्रकरणात म्हटले आहे. एकोणिसाव्या प्रकरणात सावली गमावलेली नायिका आरशासमोर केस विंचरताना दिसली, तर प्रौढ वाचक कदाचित पुढे सरकेल. चौदा वर्षांचा वाचक सरकणार नाही. तो तुम्हाला पत्र लिहील आणि पान क्रमांकही देईल.

यासाठी पहिल्या वाचनात पेन्सिल हाती न घेता कथा सलग वाचावी आणि दुसऱ्या वाचनात तीन कागद शेजारी ठेवावेत. पहिल्या कागदावर त्या जगाचे नियम लिहावेत: कोणती शक्ती काय करू शकते, काय करू शकत नाही आणि ती वापरणाऱ्याला काय मोजावे लागते. यातली तिसरी बाब बहुतेक हस्तलिखितांत हरवलेली असते. जादू फुकट मिळत असेल तर शेवटच्या प्रसंगातला ताण मरतो, कारण मग ती जादू पहिल्याच प्रकरणात का वापरली नाही, या प्रश्नाला उत्तर राहत नाही. शेवटी उपयोगी पडणारा नियम वाचकाला निदान अर्ध्या पुस्तकाआधी, सहज जाता जाता, दिसलेला असावा. दुसऱ्या कागदावर कालपट मांडावा: दिवस, ऋतू, पात्रांची वये आणि प्रवासाला लागलेला वेळ.

तिसरा कागद शब्दसूचीचा, आणि मराठीत त्याचे काम इंग्रजीहून जास्त आहे. लेखकाने ‘झिरण’ नावाचा प्राणी निर्माण केला, तर तो ‘तो झिरण’, ‘ती झिरण’ की ‘ते झिरण’, अनेकवचनी काय होईल, आणि विभक्ती लागताना ‘झिरणाला’ की ‘झिरणीला’, हे एकदाच ठरवून लिहून ठेवावे लागते. लेखक एका प्रकरणात एक रूप वापरतो आणि पुढच्यात दुसरे. मुद्रितशोधकाला मूळ शब्दच ठाऊक नसल्यामुळे तो दोन्ही तशीच सोडतो. काल्पनिक शब्दांचे लिंग आणि सामान्यरूप ठरवणे हा संपादनाचा भाग आहे, आणि पुष्कळदा त्यातूनच तो शब्द भाषेत मुरला आहे की नुसताच चिकटवलेला आहे, हेही कळते. ज्या शब्दाला विभक्ती लावताना लेखकाची जीभ अडखळते, तो शब्द बदलण्याचा आग्रह मी धरतो.

माहिती कोंबणाऱ्या संवादांकडे कडक नजरेने पाहावे. दोन पात्रे एकमेकांना दोघांनाही आधीपासून माहीत असलेला राज्याचा इतिहास सांगू लागली, की तो संवाद वाचकासाठी आहे हे उघडे पडते. पुस्तकाच्या आरंभी चार पानांची शब्दसूची छापण्याचा मोहही टाळावा. अर्थ प्रसंगातून कळत नसेल तर प्रसंग दुरुस्त करायला हवा. आणि शेवटची गाठ कुमारवयीन पात्रानेच सोडवावी. शहाणा आजोबा, निवृत्त सेनापती किंवा अचानक उगवलेला शास्त्रज्ञ येऊन सगळे निस्तरत असेल, तर ते पुस्तक कुमारांविषयी असले तरी त्यांच्यासाठी नाही.

लांबीबाबत एक सूचना. इंग्रजीत या वर्गातील कादंबरी साधारण ५०,००० ते ९०,००० शब्दांची असावी असा दंडक सांगितला जातो, आणि आपले लेखक तोच आकडा समोर ठेवतात. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्याने तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. म्हणून इंग्रजी आकडा जसाच्या तसा उचलला तर पुस्तक फुगते. शब्दांपेक्षा फर्मे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे, मोजावेत. १६ पानांचा फर्मा धरल्यास १६ फर्म्यांत २५६ पाने होतात. मांडणी करताना मजकूर २५८ पानांवर गेला, तर त्या दोन पानांसाठी आणखी अर्धा किंवा पूर्ण फर्मा लागतो. अशा वेळी अक्षरे बारीक करू नयेत. लेखकाला सोबत घेऊन दोन पानांचा मजकूर कापावा. दोन पाने कापल्याने बिघडलेली कादंबरी मी अद्याप पाहिलेली नाही.

आमच्याकडे आलेल्या एका उत्तम हस्तलिखिताची लेखिका सोळा वर्षांची आहे. करार कसा करावा? आणि तिच्या वयाचा उल्लेख जाहिरातीत करावा का?

बहुतेक देशांच्या कायद्यांत अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार तिच्यावर बंधनकारक ठरत नाही किंवा तिला तो नंतर नाकारता येतो. म्हणून सही पालकांची घ्यावी आणि मसुदा स्थानिक वकिलाला दाखवून घ्यावा. मात्र करारातील प्रत्येक कलम लेखिकेला स्वतः समजावून सांगा, पालकांच्या समक्ष. पुस्तक तिचे आहे. स्वामित्वधन तिच्या नावावरच्या खात्यात जावे, असेही लिहून ठेवा.

सोळा वर्षांच्या लेखिकेशी करार करताना प्रकाशकाच्या हातून जो अन्याय होऊ शकतो, तो पन्नास वर्षांच्या लेखकाशी करतानाही होऊ शकतो. फरक एवढाच की पन्नाशीतला लेखक विचारतो. म्हणून तिने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपणहून करारात घाला. स्वामित्वधन छापील किमतीवर आहे की निव्वळ प्राप्तीवर, हे स्पष्ट शब्दांत लिहा. छापील किंमत १०० आणि सवलत ५० टक्के असेल, तर पहिल्या पद्धतीत १० टक्क्यांचे १० होतात आणि दुसरीत ५. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, पण कोणती ते दडवणे प्रामाणिकपणाचे नाही. तुम्ही स्वतः कसे वापराल हे सांगता येत नाही असे हक्क मागू नका. छापील आणि ई-पुस्तकाचे हक्क ठरावीक वर्षांसाठी घ्या. श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क लेखिकेकडे राहू द्या, किंवा त्यासाठी खरोखर प्रयत्न करणार असाल तर मुदत आणि वाटा लिहून घ्या.

हक्क परत जाण्याचे कलम विशेष जपून लिहावे. पूर्वी ‘पुस्तक बाजारात उपलब्ध नसेल तर’ असे लिहिणे पुरेसे होते. आता मागणीप्रमाणे छपाईमुळे कोणतेही पुस्तक तांत्रिकदृष्ट्या कायम उपलब्ध असते आणि लेखक आयुष्यभर अडकून पडू शकतो. म्हणून संख्या घालावी, जसे की सलग बारा महिन्यांत पन्नासांहून कमी प्रती खपल्यास लेखिकेने लेखी मागितल्यावर हक्क तिला परत मिळतील.

वयाचे म्हणाल, तर मी ते जाहिरातीत वापरणार नाही. वर ज्यांचा उल्लेख केला त्या मेरी शेली यांनी आपली कादंबरी १८१६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी लिहायला घेतली, आणि पहिल्या आवृत्तीवर त्यांचे नावच नव्हते. पुस्तकाचे त्यावाचून अडले नाही. वय पुढे केले की परीक्षण लेखिकेचे होते, लेखनाचे होत नाही, आणि दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी ते भांडवल संपलेले असते. शाळेचे नाव, राहण्याचे ठिकाण आणि गणवेशातील छायाचित्र तर मुळीच छापू नये.

जुन्या परदेशी विज्ञानकथांचे मराठी अनुवाद कुमारांसाठी काढावेत, असे मनात आहे. लेखक केव्हाच वारले आहेत, तेव्हा परवानगीचा प्रश्न येत नाही ना?

लेखक वारला म्हणून हक्क संपत नाहीत. लेखनहक्कांविषयीच्या, १८८६ च्या आणि नंतर सुधारलेल्या, बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखकाच्या निधनानंतर किमान ५० वर्षे संरक्षण द्यावे लागते आणि कित्येक देशांनी ती मुदत ६० किंवा ७० वर्षांपर्यंत वाढवली आहे. एच. जी. वेल्स यांचे निधन १९४६ मध्ये झाले. मुदत त्या वर्षाअखेरीपासून मोजतात, त्यामुळे निधनानंतर ६० वर्षे धरणाऱ्या देशांत त्यांचे लेखन २००७ च्या आरंभी खुले झाले आणि ७० वर्षे धरणाऱ्यांत २०१७ च्या आरंभी. तुमच्या देशातला नियम पाहा, आणि पुस्तक इतर देशांत विकायचे असेल तर तेथलाही.

खरी मेख पुढे आहे. ज्यूल व्हर्न १९०५ मध्ये वारले, त्यांचे मूळ फ्रेंच लेखन खुले आहे. परंतु तुमचा अनुवादक बहुधा इंग्रजीवरून काम करील, आणि इंग्रजी अनुवादाचा हक्क त्या अनुवादकाचा स्वतंत्र असतो. अलीकडचा इंग्रजी अनुवाद समोर ठेवून मराठी केले तर परवानगी लागेल. जुना, हक्कमुक्त अनुवाद घेतला तर कायदा आड येणार नाही, पण व्हर्न यांच्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी अनुवादांपैकी काहींत बराच मजकूर गाळलेला आणि शास्त्रीय तपशील चुकवलेले आहेत. फ्रेंच जाणणारा अनुवादक मिळत असेल तर त्याला जास्त मानधन देऊन थेट मुळावरून अनुवाद करून घ्या. मिळत नसेल तर दुसरा लेखक निवडा.

आमच्या एका पुस्तकात नायकाच्या धाकट्या भावाचा मृत्यू होतो. ते वाचून एका पालकाने रागाचे पत्र पाठवले आहे. पुढील पुस्तकांच्या मुखपृष्ठावर वयोगट छापावा का?

मृत्यू काढून टाकू नका आणि पालकाला उत्तर मात्र अवश्य पाठवा. कुमारवयीन वाचकाला जगात मृत्यू आहे हे ठाऊक असते. त्याविषयी मोठी माणसे बोलणे टाळतात हेही त्याला ठाऊक असते, आणि कल्पनाकथा त्याला ते बोलणे सुरक्षित अंतरावरून ऐकू देते. संपादकाने पाहायचे ते इतकेच की तो मृत्यू कथेला पुढे न्यायला आला आहे की वाचकाला धक्का द्यायला, आणि त्यानंतर पात्रांना शोक करायला पाने दिली आहेत की नाहीत. भाऊ बाराव्या प्रकरणात मेला आणि तेराव्यात नायक विनोद करू लागला, तर पालकाची तक्रार मी रास्त मानीन.

मुखपृष्ठावर वयोगट छापण्याच्या मी विरोधात आहे. २००८ मध्ये ब्रिटनमधील काही प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वयोगटाचे शिक्के छापण्याचे ठरवले, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासह कित्येक लेखकांनी त्याला जाहीर विरोध केला. ‘बारा वर्षांवरील’ असा शिक्का असलेले पुस्तक पंधरा वर्षांचा, पण वाचनात मागे असलेला मुलगा चारचौघांत हातात धरत नाही, आणि दहा वर्षांच्या तयार वाचकाला ते दिले जात नाही. ग्रंथपाल आणि विक्रेते यांच्यासाठीच्या सूचिपत्रात वयोगट जरूर द्यावा, आणि मलपृष्ठाच्या तळाशी एका ओळीत ‘या कथेत कुटुंबातील मृत्यूचे वर्णन आहे’ असे साधेपणाने लिहावे. ज्याला टाळायचे आहे तो टाळील. ज्याला तेच हवे आहे तो, विशेषतः ज्याच्या घरात नुकतेच कोणी गेले आहे असा मुलगा, ते पुस्तक उचलील.

यंत्राकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, लिहून घेतलेली हस्तलिखिते ओळखावी कशी? मुखपृष्ठासाठी यंत्राने काढलेले चित्र वापरल्यास खर्च वाचेल, ते योग्य होईल का?

ओळखण्याचे खात्रीचे साधन नाही, आणि तसे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर कोणा होतकरू लेखकावर आरोप करू नये. हा प्रश्न एकट्या तुमचा नाही: क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या नामवंत मासिकाला यंत्रलिखित कथांचा लोंढा आल्यामुळे फेब्रुवारी २०२३ मध्ये काही आठवडे कथा स्वीकारणेच थांबवावे लागले होते. छोट्या प्रकाशकाने हस्तलिखिते वर्षातून ठरावीक काळातच मागवावीत, आधी पहिली तीन प्रकरणे आणि संपूर्ण कथासार एवढेच पाहावे, आणि आवडलेल्या लेखकाशी तासभर प्रत्यक्ष बोलावे. अमुक पात्राने तमुक निर्णय का घेतला, असे विचारले की स्वतः लिहिणारा माणूस थांबत नाही. करारात लेखन स्वतःचे असल्याची हमी घ्यावी.

मुखपृष्ठाबाबत माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मानवी निर्मिती नसलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही, अशी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका आहे; म्हणजे तुमचेच मुखपृष्ठ दुसऱ्याने उचलले तर तुम्हाला हात चोळत बसावे लागेल. शिवाय या वर्गातील वाचक चित्रकारांना नावानिशी ओळखतात आणि त्यांच्यासाठी भांडतातही. खर्च वाचवायचाच असेल तर रंग कमी करा. दोन रंगांतले, ठसठशीत अक्षरांचे मुखपृष्ठ अंगठ्याएवढ्या आकारात पडद्यावरही वाचता येते, आणि आता बहुतेक वाचक ते प्रथम तेथेच पाहतात.

छापील आणि ई-पुस्तक यांना एकच आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) चालेल का? पुनर्मुद्रणाला नवा लागतो का?

एक चालणार नाही. पुठ्ठाबांधणी, साधी बांधणी, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक अशा प्रत्येक रूपाला वेगळा क्रमांक लागतो. २००७ पासून तो तेरा आकड्यांचा आहे. मजकूर, आकार आणि बांधणी तीच ठेवून केलेल्या पुनर्मुद्रणाला किंवा नुसती किंमत बदलल्यास नवा क्रमांक घेऊ नये, मग पहिली छपाई ऑफसेटवर झालेली असो की मागणीप्रमाणे. चुका दुरुस्त केल्याने नवी आवृत्ती होत नाही; नवे प्रकरण घातले तर होते.

याच पत्रलेखकांनी शेवटी असेही विचारले आहे की त्यांच्या त्रिखंडात्मक कादंबरीच्या पहिल्या भागाच्या वर्षभरात ३०० प्रती खपल्या, तर दुसरा भाग काढावा की थांबावे. दुसरा भाग जवळजवळ फक्त पहिला वाचलेलेच विकत घेतात, म्हणून त्याचा खप सहसा पहिल्याहून कमी असतो. तिसऱ्याचा आणखी कमी. तेव्हा ३०० पैकी किती प्रती थेट वाचकांनी घेतल्या आणि किती ग्रंथालयांनी, ते आधी पाहा, आणि थेट घेणाऱ्यांना दुसऱ्या भागाची आगाऊ नोंदणी करण्याचे पत्र पाठवा. शंभर नोंदी आल्या तर १५० प्रती मागणीप्रमाणे छापा आणि त्याच वेळी पहिल्या भागाच्याही ५० नव्या प्रती काढा, कारण दुसरा भाग निघाला की पहिल्याची चौकशी पुन्हा सुरू होते. वीसच नोंदी आल्या तर लेखकाला तसे स्पष्ट कळवा, दुसरा भाग ई-पुस्तकाच्या रूपात पूर्ण संपादन करून काढा आणि त्या वीस वाचकांना तो पहिल्याच दिवशी पाठवा. पहिल्या भागावर ‘खंड पहिला’ असे छापून तुम्ही त्यांना एक शब्द दिलेला आहे. पुढच्या वेळी ते दोन शब्द मुखपृष्ठावर घालण्याआधी पहिला भाग स्वतंत्रपणे पुरा होतो की नाही हे तपासा, आणि लेखकाशी करारही एकाच पुस्तकाचा करून पुढील भाग प्रथम पाहण्याचा हक्क तेवढा राखून ठेवा.